"पप्पांनी सोडलंय" : रातपाळी, झोपेची गोळी आणि माझा चुकलेला फोन

पार्श्वभूमी

मी सोलापुरात एका कॉलेजवर एफवायबीएला सायकॉलॉजी शिकवते. पहिल्या वर्षाला अ‍ॅटिट्यूड, झोप, व्यसन, भावना हे सगळे वेगवेगळे चॅप्टर, परीक्षेत प्रश्नही वेगवेगळेच येतात, पण हे प्रकरण आलं ते चारही चॅप्टर एकाच माणसात कोंबून आलं. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय.

काका पन्नाशीचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर, पंचवीसेक वर्षं झाली. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मावशी घरी विड्या वळतात. थोरली मुलगी लग्न होऊन जवळच दिलेली, तिच्या नवऱ्याचा म्हणजे जावयाचा या गोष्टीत मोठा हात आहे, आणि धाकटी माझ्या वर्गात. घर पूर्व भागात, वर पत्रा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि ते रात्री दोनला पण येतं, तीनला पण येतं, म्हणजे त्या रात्री घरात कुणीतरी उठणार हे ठरलेलंच. सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरचे वाचत असतील तर त्यांनी हे पाणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी काकांचा धाकटा भाऊ अचानक गेला. तेराव्यानंतर काकांची झोप उडाली, एका डॉक्टरांनी दहा दिवसांची अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) लिहून दिली, आणि खरं सांगायचं तर दहा दिवसांसाठी ते काही चूक नव्हतं. घोळ पुढे झाला. ही गोळी औषध नियमांच्या शेड्यूल एच१ यादीतली आहे, म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघूनच द्यायची, वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवायचं. काकांना मात्र त्याच जुन्या चिठ्ठीच्या मोबाईलमधल्या फोटोवर ती मिळत राहिली. अर्धीची एक झाली, एकाच्या दोन, आणि रातपाळी करून सकाळी आले की कधीकधी तिसरी.

नेमकी अडचण

घरच्यांच्या मते अडचण होती "पप्पा चिडतात". जेवणात मीठ कमी पडलं की ताट सरकवायचं, मुलगी मोबाईलवर हसली की ओरडायचं, मावशी विड्यांचा हिशोब करत बसल्या की "आवाज बंद करा" (हिशोबाचा कसला आलाय आवाज). मावशींचं एकच पालुपद, आधी हा माणूस असा नव्हता.

कारखान्यात वेगळंच चाललं होतं. रातपाळीला पहाटे तीन-चारच्या सुमाराला काकांचा डोळा लागायचा, धागा तुटलेला कळायचा नाही, टॉवेलात फॉल्ट यायचा. जॉबरने, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाने, दोनदा सांभाळून घेतलं. जागं राहायला काका तंबाखूवर तंबाखू लावायचे, चारला एक कडक चहा, आणि सातला घरी येऊन पडले की झोप नाही. का येईल? तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवणारं, चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं, बाहेर ऊन चढत चाललेलं, आणि डोक्यातलं घड्याळ सांगतंय की दिवस उजाडलाय. १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेचं एक मॉडेल मांडलं ते मी वर्गात सांगते: एक म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची भूक, दुसरं शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ, दोन्ही जुळले की गाढ झोप. काकांची भूक भरपूर होती पण घड्याळ एक आठवडा इकडे एक आठवडा तिकडे. या फटीत गोळी बसलेली.

आणि गोळीने येणारी झोपही पूर्ण झोप नव्हे. नैसर्गिक झोपेत साधारण ९० मिनिटांची चक्रं असतात, या जातीच्या गोळ्यांनी त्यातली गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी होतात, म्हणजे माणूस आडवा पडतो पण उठतो तेव्हा आंबलेलाच असतो. त्यात शरीर गोळीला सरावतं, मग तेवढ्याच परिणामाला जास्त लागते. आणि गोळी चुकली की पहिल्यापेक्षा वाईट जागरण होतं, त्यामुळे माणसाची खात्री पटते की बघा, मला गोळीची गरजच आहे. काका हेच म्हणायचे. चूकही नव्हते, उलट्या बाजूने बरोबर होते.

पहिलं वळण: फोन

जानेवारी, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू. शनिवारी जावई घरी आला, त्याला स्ट्रिप सापडली, आणि "मामा, हे ड्रग्ज हाय ओ" म्हणत त्याने सगळ्या गोळ्या संडासात टाकून पाणी ओतलं. चांगल्या मनाने केलं हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर सगळ्यांनी त्याच्यावरच खापर फोडलं.

सोमवारी रात्री धाकटीचा मला फोन. "मॅम, पप्पांनी सोडलंय. पण हात थरथरतायत, घाम येतोय, दोन रात्री झोप नाही, लय चिडतायत. काय करू?"

मला गोळीबद्दल तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. अ‍ॅडमिशनच्या वेळी काका कॉलेजात आले होते तेव्हा हातावर तंबाखू मळत उभे होते तेवढं डोळ्यासमोर होतं. म्हणून मी म्हटलं, छान केलं, पहिले तीन-चार दिवस त्रास होतो, पाणी प्यायला दे, चिडले तरी उलट बोलू नका, धीर धरा.

तंबाखू सोडली असती तर हा सल्ला चालला असता. तंबाखू सोडल्यावर चिडचिड होते, बेचैनी होते, जीव नकोसा होतो, पण ते सहसा जीवावर बेतत नाही. महिनोन् महिने घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि तिथे "धीर धरा" म्हणणं म्हणजे आगीजवळ बसायला सांगणं. मी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता, की काय सोडलं? मराठीत "सोडलं" एवढं म्हटलं की पुढचं आपण आपल्याच मनाने भरतो, बिडी, दारू, तंबाखू, जे आपल्या डोक्यात त्या माणसाला चिकटलेलं असेल ते. वर्गात मी अ‍ॅटिट्यूड शिकवताना पोरांना सांगते की आपण माणसाला आधी एका खान्यात टाकतो आणि मग त्याचं ऐकतो, आणि मी अगदी तेच केलं.

मंगळवारी पहाटे काकांची छाती धडधडायला लागली, हार्ट अटॅक आलाय म्हणून रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं कोणती गोळी चालू होती का, सगळे गप्प, जावई खाली बघतोय, आणि मग धाकटीनेच सांगितलं. डॉक्टरांनी ताबडतोब गोळी परत सुरू केली आणि मानसोपचार विभागात दाखवायला चिठ्ठी दिली.

यात भावनांच्या चॅप्टरमधलं एक उदाहरण आयतं सापडतं. त्या तीन दिवसांत शरीर एकच होतं, धडधड, घाम, थरथर, पण मावशी म्हणत होत्या राग आलाय, जावई म्हणत होता नाटक आहे, काकांना वाटत होतं हार्ट आहे आणि मला वाटलं तंबाखूची तलफ आहे. १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर यांनी माणसांना अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देऊन दाखवायचा प्रयत्न केला की शरीर नुसतं पेटतं, त्याला राग म्हणायचं की आनंद हे आपण आजूबाजूचं बघून ठरवतो. नंतर काहींनी तसाच प्रयोग करून बघितला तर निकाल तितके सरळ आले नाहीत, त्यामुळे परीक्षेत लिहिताना जपून लिहा. पण नाव चुकलं की उपायही चुकतो, हे मला त्या आठवड्यात पुस्तकाशिवाय कळलं.

समोर कोणते पर्याय होते

डिस्चार्जनंतर घरात बैठक बसली, मलाही बोलावलं. मी आधी माझी चूक कबूल केली, त्यावर मावशींनी चहा पुढे केला आणि विषय तिथेच संपला, माझ्यापेक्षा मोठ्या मनाच्या निघाल्या.

जावयाचं म्हणणं होतं व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवा. मला ते पटत नव्हतं. एक तर महिन्याची मजुरी जाणार, आणि दुसरं म्हणजे काका नशेसाठी गोळी घेतच नव्हते, झोपेसाठी घेत होते. लोकांच्या तोंडी दोन्हीला एकच शब्द, "आहारी गेला". २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, जुने 'अब्यूझ' आणि 'डिपेन्डन्स' असे दोन खाने काढून एकच निदान केलं, ११ निकष ठेवले, आणि एक गोष्ट स्पष्ट केली की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेताना नुसतं शरीर सरावलं असेल तर तेवढ्याला व्यसन म्हणायचं नाही. काका मधेच कुठेतरी होते, सुरुवात चिठ्ठीने आणि पुढचं सगळं फोटोने.

दुसरा पर्याय, आहे तसं चालू द्या, माणूस कामावर तर जातोय ना. हे मावशींच्या मनात होतं, बोलल्या नाहीत. तिसरा, पाळी बदलून मागायची. चौथा, सायकिअ‍ॅट्रिस्ट.

चौथ्याला काकांनी हात झटकले. "मॅडम, मी काय येडा हाय का ओ? झोप नाही म्हणून येड्याच्या डॉक्टरकडं जाऊ?"

दुसरं वळण: वहीपासून सुरुवात

इथे मी भाषण दिलं नाही, आणि या प्रकरणात मला जर कशाचं बरं वाटत असेल तर याचं. अ‍ॅटिट्यूडला तीन अंगं असतात असं शिकवतो, विचार, भावना आणि वागणं. आपण नेहमी विचारावर हल्ला करतो, माहिती देतो, पत्रकं वाटतो. काकांच्या नकारात माहितीचा प्रश्न कमी होता, गल्लीत कुणी बघितलं तर काय, धाकटीच्या सोयरिकीचं काय, ही भीती होती.

आणि तोंडाने म्हटलेलं आणि प्रत्यक्ष वागणं यात अंतर असतं हेही डोक्यात होतं. रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला, २५१ हॉटेलं-खाणावळींत गेला, फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्र पाठवून विचारलं तर ज्यांनी उत्तर दिलं त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले आम्ही चिनी लोकांना घेणार नाही. म्हणजे दारात माणूस उभा राहिला की कागदावरचा नकार बाजूला पडतो. मी विचार केला काकांचं "जाणार नाही" हेही कागदावरचंच असेल, दारापर्यंत न्यायची युक्ती पाहिजे.

म्हणून फक्त एकच मागितलं. दोन आठवडे एक वही ठेवा. कधी पडलात, कधी उठलात, तंबाखू कधी, चहा कधी, गोळी कधी. छोटं काम आधी घेतलं की मोठ्याला माणूस सहज तयार होतो, फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ मध्ये हे दाखवलं होतं, आणि उधारी मागणाऱ्या प्रत्येकाला ते त्याआधीपासून माहीत आहे. काका तयार झाले कारण मागावरच्या माणसाला नोंद ठेवायची सवय असते.

वहीने सगळ्यांनाच चकित केलं. काका म्हणायचे डोळ्याला डोळा लागत नाही, आणि बेरीज केली तर चोवीस तासांत सहा, साडेसहा तास भरत होते, फक्त तुकड्या-तुकड्यांत. दीड तास, मग दूधवाला, दोन तास, मग वरच्या पत्र्याचा ताप, रात्री पाण्याला उठणं. रातपाळीला तीननंतर तंबाखू चार वेळा. हे आकडे त्यांनी स्वतः लिहिलेले, त्यामुळे वाद कुणाशी घालणार?

तरीही सायकिअ‍ॅट्रिस्टकडे ते माझ्यामुळे गेले नाहीत. जॉबरमुळे गेले. तो एक दिवस सहज बोलून गेला की मी बी जात होतो तिथं, लॉकडाउननंतर, झोपेचंच. बस्स. माझ्या तीन भेटी आणि त्याचं एक वाक्य. काका मला म्हणाले, "ते येड्याचं नाही ओ, झोपेचं पण असतंय तिथं," जणू मीच इतके दिवस नाही म्हणत होते.

काय केलं

डॉक्टरांनी गोळी हळूहळू उतरवायला घेतली. डोस आणि किती दिवसांनी किती कमी ते मी मुद्दाम लिहीत नाही, कुणीतरी तसंच्या तसं करून बघेल, आणि हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एवढंच सांगते की सहा महिने लागले आणि दोनदा मधेच थांबावं लागलं. गोळ्यांचा डबा मावशींकडे, एका वेळी आठवड्याचीच चिठ्ठी. जुना फोटो काकांनी स्वतःच्या हाताने डिलीट केला, धाकटीसमोर.

तंबाखूही बरोबरच सोडायची का यावर आम्ही अडलो. मला वाटत होतं आता मन तयार आहे तर दोन्ही करून टाकू. डॉक्टर म्हणाले एका वेळी एकच, नाहीतर चिडचिड झाली तर कशामुळे तेच कळणार नाही. फोनची आठवण झाली आणि मी गप्प बसले. फक्त रातपाळीला तीननंतर तंबाखू आणि चहा बंद, एवढं ठरलं.

झोपेच्या सवयींचं काम माझ्याकडे आलं. १९७० च्या दशकात रिचर्ड बूटझिन यांनी सांगितलेली पद्धत, ऐकायला अगदी साधी: झोप आली की मगच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बाहेर बसायचं, अंथरुणावर मोबाईल, हिशोब, भांडण काही नाही. पुस्तकात बेडरूम असते. इथे एकच खोली, त्यातच विड्या, त्यातच टीव्ही, त्यातच अभ्यास, अंथरूण म्हणजे गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली सतरंजी. शेवटी काकांनीच तोड काढली, झोपायची सोलापुरी चादर वेगळी केली, ती झोपतानाच अंथरायची, एरवी तिच्यावर कुणी बसायचं नाही. नातू बसला की ओरडा.

मे महिन्यात सगळं फसायला आलं. पारा चाळिसाच्या वर, पत्रा तापलेला, आणि झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं ते उतरेना. ओला टॉवेल खिडकीला, पाय भिजवून पडणं, सगळं करून झालं. दोन रात्री काकांनी सांगितल्यापेक्षा जास्त गोळी घेतली आणि वहीत लिहिली पण, "जास्त घेतली, बोलू नये". मी बोलले नाही. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी उतरण थांबवून महिनाभर तिथेच ठेवलं.

खरा फरक पडला तो पाळीने. मालक आधी नाही म्हणाले, मग जॉबरने मध्यस्थी करून एका तरुण पोराशी अदलाबदल करून दिली, काका कायम दिवसपाळीला, तो पोरगा कायम रातपाळीला. त्याला दिवसा दुसरं काम करायचं होतं, त्यामुळे खूश होता.

शेवटी काय झालं

ऑगस्टमध्ये गोळी बंद झाली. झोप अजून अशी-तशीच, कधी पाच तास कधी सात, पण सलग. मागावर फॉल्ट येत नाहीत असं जॉबर सांगतो. चिडचिड कमी झाली, गेली नाही, आणि आता लक्षात येतं की त्यातली काही भावाच्या दुःखाची होती जी गोळीखाली दोन वर्षं दाबून ठेवलेली. श्रावणात एक दिवस काका धाय मोकलून रडले, मावशी घाबरल्या, मी म्हटलं रडू द्या. झोप कमी पडली की मेंदूतला भीती-रागाचा भाग जास्त भडकतो हे २००७ च्या एका स्कॅनच्या अभ्यासात दिसलंय, पण काकांचा सगळा राग झोपेचा होता असं मी म्हणणार नाही.

तंबाखू चालू आहे. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलाय, अजून लावलेला नाही. जावई आणि काका परत बोलायला लागले, यंदा दोघं मिळून त्याच यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीला जाणार म्हणतात.

परत अशी वेळ आली तर

फोनवर पहिला प्रश्न "काय, किती दिवस, किती" हाच विचारेन, आणि गोळी असेल तर स्वतः काही न सांगता डॉक्टरकडे पाठवेन. रात्री-अपरात्री कुणीच मिळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात, तो नंबर त्या रात्री मला माहीत असून आठवला नाही. पण घाम, थरथर, धडधड असेल तर फोनाफोनी करत न बसता सरळ दवाखाना.

जावयाला पहिल्या दिवशीच बैठकीत बोलावलं असतं. आणि त्या रातपाळीवाल्या पोराचं काय, दिवसा काम करून रात्री माग चालवणार तो झोपणार कधी, हा प्रश्न मला तेव्हाच सुचला होता आणि मी तो गिळला, कारण माझं प्रकरण सुटत होतं.

अजून एक. काकांची वही चालूच आहे, मागच्या महिन्यात बघायला घेतली तर एका पानावर होतं, "पाणी आलं २:४०. मी उठलो नाही. हिनं भरलं. झोप ६ तास सलग." खाली स्वतःलाच बरोबरची खूण केलेली. एवढ्या महिन्यांत मी मावशींना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही किती झोपता. त्या दिवशी विचारलं, एक कोरी वही पण नेली होती. त्या विडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या, "ठेवा तिथं, पोरीला हिशोबाला होईल."